डिलिव्हरी बॉय सुट्टीवर गेला की धंदा अडतो? आधी ही शीट बनवा, मग एआयकडे वळा



तुम्ही डबे विका, केक विका, लाकडी घाण्याचं तेल विका नाहीतर सीझनला हापूसच्या पेट्या विका. माल तयार होईपर्यंत सगळं आपल्या हातात असतं. तिथून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचे शेवटचे चार-पाच किलोमीटर मात्र निसटतात. लॉजिस्टिक्सवाले याला लास्ट माईल म्हणतात. छोट्या व्यवसायाचा नफा बऱ्याचदा इथेच गळतो, आणि गळताना दिसत नाही, कारण आपण वहीत फक्त "पेट्रोल" एवढंच लिहितो.

चला, हिशोब करू. समजा पुण्यात सिंहगड रोडला तुमचा डब्यांचा व्यवसाय आहे. डिलिव्हरी बॉयला दिवसाचे 500 रुपये, पेट्रोल 120, एकूण 620. दिवसाला 20 डबे, म्हणजे डब्यामागे 31 रुपये. तुम्ही कॉस्टिंगमध्ये 31 धरले, मोकळे झालात. पण त्यातले 4 डबे पोचलेच नाहीत तर? कुणी फोन उचलला नाही, कुणाचा पत्ता अर्धवट, कुणी म्हणालं "मी दोन वाजता सांगितलं होतं". आता तेच 620 रुपये 16 डब्यांवर वाटले जातात, डब्यामागे 38 रुपये 75 पैसे. फरक रोजचा 124 रुपये, 26 दिवसांचे 3,224. फुकट गेलेल्या जेवणाचे पैसे आणि तुटलेलं गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही.

आता नीट बघा. त्या 4 डबांपैकी एकही "रस्ता लांबचा होता" म्हणून परत आला नाही. माहिती कमी होती म्हणून आला. म्हणूनच कुणी "एआय रूट ऑप्टिमायझेशन"चं ॲप विकायला आलं की माझा पहिला प्रश्न असतो, या ॲपला पत्ते कोण देणार?

मोठ्या कंपन्यांचा अनुभव काय सांगतो?

रूट लावणं हे कॉम्प्युटरचं काम आहे, यात वाद नाही. 5 ठिकाणं असतील तर ती 120 वेगवेगळ्या क्रमांनी फिरता येतात. 10 ठिकाणं झाली की क्रम होतात 36,28,800. आणि 15 ठिकाणांना 1 लाख 30 हजार कोटींच्या वर! माणसाच्या डोक्यात हे मावणार नाही. अमेरिकेतल्या यूपीएस या कुरियर कंपनीने यासाठी ओरायन नावाची सिस्टीम बनवली आणि त्यामुळे वर्षाला सुमारे 10 कोटी मैल वाचतात असं कंपनी सांगते. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे यूपीएसचे ड्रायव्हर शक्यतो डावं वळण टाळतात, समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी थांबावं लागतं म्हणून. आपल्याकडे हेच उलटं करायचं, म्हणजे उजवं वळण महाग. दुभाजक असलेल्या रस्त्यावर आधी एका बाजूची सगळी ठिकाणं संपवा, मग यू-टर्न घेऊन दुसरी बाजू. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही!

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. 2021 मध्ये ॲमेझॉनने एमआयटी या संस्थेसोबत एक स्पर्धा घेतली. अमेरिकेतल्या पाच महानगरांमधल्या 9,184 खऱ्या रूट्सची माहिती संशोधकांसाठी खुली केली. प्रश्न "सगळ्यात जवळचा रस्ता शोधा" हा नव्हता. अनुभवी ड्रायव्हर जसा क्रम लावतो, तसा क्रम मशीनला शिकता येईल का, हा होता. विचार करा, ज्यांच्याकडे हवं तेवढं सॉफ्टवेअर आहे, त्यांनासुद्धा ड्रायव्हरच्या डोक्यातलं हवं होतं! कारण गाडी कुठे लावता येते, कुठल्या गल्लीत सकाळी टेम्पो अडकतो, कुठल्या बिल्डिंगचं मागचं गेट उघडं असतं, हे नकाशात नसतं.

तुमच्याकडे हे सगळं एका डिलिव्हरी बॉयच्या डोक्यात आहे. तो गावाला जत्रेला गेला की तुमची डिलिव्हरी कोलमडते, आणि कायमचा सोडून गेला तर नवीन मुलाला बसवायला किती दिवस जातात ते तुम्हालाच माहीत.

मुंबईच्या डबेवाल्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवला. 1890 च्या सुमारास सुरू झालेली ही सेवा. झाकणावर रंगाने कोड लिहिलेला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. डबा अनेक हातांतून जातो आणि पुढच्या माणसाला आधीच्याला फोन करून विचारावं लागत नाही. त्यांच्या अचूकतेचे आकडे सगळे सांगतात, शिकण्यासारखा खरा भाग तो कोड आहे.

तुमची शीट

गुगल शीट उघडा, मोबाईलवरच. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ. नाव, सोसायटी, विंग, फ्लॅट, जवळची खूण, पिनकोड, लोकेशन, चालणारी वेळ, आणि शेवटचा रकाना "दाराशी काय होतं". या शेवटच्या रकान्यात सोनं आहे. "वॉचमन वर सोडत नाही, डबा केबिनमध्ये ठेवायचा." "लिफ्ट फक्त बी विंगला." "आजी एकट्या असतात, दोन मिनिटं थांबायचं." "बेल बंद आहे, मिस्ड कॉल द्या."

पिनकोडवर विसंबून राहू नका. 1972 मध्ये आपल्याकडे पिनकोड आला, तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी, संस्कृत कवी म्हणूनही प्रसिद्ध. त्यांचे सहा अंक पत्र योग्य पोस्ट ऑफिसपर्यंत नेण्यासाठी होते, तुमच्या गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत नाही. 2025 मध्ये भारतीय टपाल खात्याने डिजिपिन आणला. देशाचे साधारण 4 मीटर बाय 4 मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला 10 अक्षर-अंकांचा कोड दिला आहे. कल्पना चांगली आहे, पण तुमच्या गिऱ्हाइकाला तो पाठ असेल अशी अपेक्षा आज धरू नका. तूर्तास व्हॉट्सॲप लोकेशन मागा. फक्त एक काळजी घ्या. लोक ऑफिसात बसून ऑर्डर देतात आणि "करंट लोकेशन" पाठवतात, मग तुमचा मुलगा धायरीऐवजी हिंजवडीचा पत्ता बघत बसतो! म्हणून मेसेजमध्येच लिहा, "जिथे डिलिव्हरी हवी, तिथे उभे राहून लोकेशन पाठवा." आणि पहिल्या डिलिव्हरीला डिलिव्हरी बॉयने गेटवरून स्वतः लोकेशन पाठवायचं. तेच शीटमध्ये टाकायचं.

आता एआय

व्हॉट्सॲपवर ऑर्डर कशा येतात ते आपल्याला माहीत आहे. "ताई उद्या 2 डबे, एक बिना कांद्याचा, पत्ता तोच, पण 1 नंतर द्या." असे 20 मेसेज वहीत उतरवायला रोज अर्धा-पाऊण तास जातो. हे काम चॅटजीपीटी किंवा जेमिनीला द्या. सूचना साध्या मराठीत चालते: "खालच्या ऑर्डर टेबलमध्ये लाव. रकाने: ऑर्डर नंबर, डबे, विशेष सूचना, सोसायटी, फ्लॅट, वेळ. मेसेजमध्ये जे लिहिलेलं नाही ते रिकामं सोड, अंदाजाने भरू नकोस." ते शेवटचं वाक्य विसरू नका. एआयला रिकामी जागा दिसली की मनाने भरायची खोड आहे, आणि मनाने भरलेला फ्लॅट नंबर अगदी खरा वाटतो. जे रकाने रिकामे राहतील, तेवढ्याच गिऱ्हाइकांना रात्रीच मेसेज करा. सकाळी गाडीवरून फोन करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर मात्र त्यात पेस्ट करू नका, ऑर्डर नंबर टाका. 2023 मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी एकट्या राहणाऱ्या आजींचा पत्ता आणि नंबर कुठेही फिरू नये एवढं आपल्याला कळायला हवं.

चॅटबॉटकडून रूट लावून घेऊ नका. तो ठिकाणांची नावं वाचून सुबक क्रम लावून देतो, पण हे रस्त्याचं मोजमाप असेलच असं नाही. रूटसाठी गुगल मॅप्स वापरा. मोबाईलवर एका फेरीत साधारण 9-10 थांबे टाकता येतात. तिथे क्रम आपणच लावायचा असतो, मॅप फक्त वेळ सांगतो. म्हणून 20 डबे एका यादीत न ठेवता भागानुसार दोन फेऱ्या करा, वडगाव-आनंदनगर एक, धायरी-नांदेड सिटी दुसरी. शीटमधला "भाग" हा रकाना सॉर्ट केला की निम्मं काम झालं.

पैसे देऊन रूटचं सॉफ्टवेअर कधी घ्यावं? माझ्या मते रोजचे 30-40 थांबे आणि किमान दोन डिलिव्हरी बॉय झाल्यावर. कुणी कुठला भाग घ्यायचा हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो. त्याआधी घेतलंत तर हप्ता भरत बसाल.

कुरियरने बाहेरगावी माल पाठवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे. तुमचा शत्रू आरटीओ, म्हणजे गाडीच्या पासिंगवालं आरटीओ नाही, "रिटर्न टू ओरिजिन", परत आलेलं पार्सल. कॅश ऑन डिलिव्हरीत हे जास्त होतं आणि जाण्यायेण्याचा खर्च बहुतेक वेळा तुमच्याच गळ्यात पडतो. आता काही कुरियर ॲग्रिगेटर ऑर्डर आली की पार्सल परत येण्याचा धोका किती ते मशीन लर्निंगने दाखवतात. धोका जास्त दिसला म्हणून ऑर्डर रद्द करू नका. फोन करून खात्री करा, किंवा आगाऊ थोडे पैसे यूपीआयने मागा. खरा गिऱ्हाईक 50 रुपये लगेच पाठवतो.

राहिला डिलिव्हरी बॉय. व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन 8 तासांपर्यंत चालू ठेवता येतं. ते त्याला विचारून, फक्त कामाच्या वेळेत वापरा. आणि "दाराशी काय होतं" हा रकाना तुम्ही घरी बसून भरू शकत नाही, तोच भरणार. टाइप करायचा कंटाळा असेल तर प्रत्येक नव्या पत्त्यानंतर व्हॉइस नोट टाकू द्या, ती लिहून काढायचं काम एआयला सांगा. संध्याकाळी त्याच्यासोबत दहा मिनिटं बसून त्या दिवशीच्या नोंदी तपासा, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे त्याच्या रोजात धरा.