परभणी जिल्ह्यातील स्थळांचे ब्रँडिंग

स्थळांचे ब्रँडिंग म्हणजे एखाद्या शहराची, उत्सवाची किंवा सामाजिक संस्थेची ओळख नाव, घोषवाक्य, बोधचिन्ह, रंग आणि अक्षरलेखन यांच्या साहाय्याने एकसंधपणे मांडणे होय. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील परभणी जिल्ह्यात अशी ओळख मुख्यतः लोकोक्ती, पिकांच्या वाणांची नावे आणि तीर्थस्थानांच्या परंपरा यांतून घडलेली आहे. २०२० साली पाथरी येथील ‘साईबाबांचे जन्मस्थान’ या बिरुदावरून झालेला वाद हे गावाची ओळख ठरवण्याच्या अधिकाराविषयीचे ठळक उदाहरण मानता येते.

पार्श्वभूमी

न्यू यॉर्क राज्याच्या पर्यटनासाठी मिल्टन ग्लेझर यांनी १९७७ साली केलेले हृदयाकृतीचे चिन्ह हे या क्षेत्रातील जगप्रसिद्ध उदाहरण आहे. भारतात बंगळूर शहराने २०१७ साली पर्यटनासाठी स्वतंत्र बोधचिन्ह स्वीकारले. महानगरपालिकेची मुद्रा आणि शहराचे बोधचिन्ह यांत फरक केला जातो. मुद्रा प्रशासकीय अधिकार दर्शवते. शहराचे बोधचिन्ह रहिवाशांना व बाहेरच्यांना उद्देशून असते. परभणी नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत २०११ साली झाले.

लोकोक्तींतील ओळख

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या दोन यमकबद्ध उक्ती महाराष्ट्रभर परिचित आहेत. पहिलीचा आशय ‘अन्यत्र जमले तर ठीक, न जमल्यास परभणी आहेच’ असा सांगितला जातो. तीत उपहास आहे, तसेच परतणाऱ्याला आसरा देणाऱ्या गावाविषयीची खात्रीही आहे. तिची हिंदुस्थानी भाषा, हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, याची आठवण करून देते. दुसरीत गमतीदार अभिमान आहे. प्रचारमोहिमेवाचून रूढ झालेल्या या उक्ती घोषवाक्याचेच कार्य करतात.

पिकांच्या वाणांतील नाव

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी परभणी येथे झाली. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाने विकसित केलेल्या अनेक वाणांच्या नावात ‘परभणी’ हा शब्द असल्यामुळे शहराचे नाव बियाण्यांच्या पाकिटांवरून जिल्ह्याबाहेर पोहोचले.

‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण ‘पुसा सावनी’ आणि भेंडीची एक रानटी प्रजाती यांच्या संकरातून तयार झाला. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य केवडा रोगाला तो प्रतिकारक होता. पुढे ही प्रतिकारशक्ती कमी झाल्याचे आढळले, तरी वाणाचे नाव शेतकऱ्यांत रूढ राहिले. ज्वारीच्या ‘परभणी मोती’ या वाणाचे नाव दाण्याचे रूप सुचवते. इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला आणि २०१८ साली प्रसारित झालेला ‘परभणी शक्ती’ हा वाण लोह व जस्त यांच्या अधिक प्रमाणासाठी ओळखला जातो. या नावांना वजन आले ते शेतातील अनुभवामुळे.

पाथरीचा वाद

साईबाबांचे वास्तव्य आणि समाधी शिर्डी येथे आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्री साईसच्चरित’ या ग्रंथात त्यांच्या जन्मस्थानाचा निश्चित निर्देश नाही. पाथरी हे जन्मस्थान असल्याचे मत काही अभ्यासकांनी मांडले असून तेथे साईबाबांचे मंदिर आहे.

जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीचा ‘साईबाबांचे जन्मस्थान’ असा उल्लेख करून तिच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली. पाथरीच्या विकासाला विरोध नसून ‘जन्मस्थान’ या उल्लेखाला आक्षेप आहे, अशी भूमिका शिर्डीकरांनी घेतली. १९ जानेवारी रोजी शिर्डीत बंद पाळण्यात आला. मंदिर मात्र दर्शनासाठी खुले होते. त्यानंतर मुंबईत झालेल्या बैठकीत जन्मस्थानाचा उल्लेख न करता तीर्थस्थान म्हणून पाथरीचा विकास करण्याची भूमिका पुढे आली.

या वादामुळे पाथरीच्या इतर वारशाकडे फारसे लक्ष गेले नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते, असे इतिहासकार सांगतात. १५१८ साली निजामशाहीने हे ठाणे वऱ्हाडच्या इमादशाहीकडून जिंकून घेतले. एकाच बिरुदाभोवती ओळख उभारल्यास असे अन्य पैलू झाकले जाण्याची शक्यता असते. याउलट, गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव असल्याचे वारकरी परंपरेत सर्वमान्य असल्याने त्या ओळखीला असा विरोध झाल्याचे दिसत नाही.

उत्सव आणि संमेलने

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. त्यात विविध धर्मांचे लोक सहभागी होतात. तारीख, संदल मिरवणूक आणि जत्रा हीच त्याची ओळख आहे. १९९५ साली कवी नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत झाले. अलीकडच्या संमेलनांसाठी यजमान संस्था स्वतंत्र बोधचिन्ह तयार करून घेतात. उरुसासारख्या उत्सवाला सातत्य जपावे लागते, तर फिरत्या संमेलनाला दरवर्षी यजमान गावाचे वेगळेपण दाखवावे लागते.

रचनेतील विचार

बोधचिन्ह निवडण्यासाठी खुली स्पर्धा ही प्रचलित पद्धत आहे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह अशाच स्पर्धेतून निवडले गेले. ते कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांनी केले होते. स्पर्धेमुळे सहभाग वाढतो. परंतु चिन्हातून कोणता आशय व्यक्त व्हावा, यावर आधी स्थानिक सहमती नसल्यास वाद टळत नाही.

अक्षरलेखनाचाही विचार करावा लागतो. ‘परभणी’ या शब्दात ‘भ’ या अक्षरापाशी शिरोरेषा तुटते. अक्षर लहान किंवा ठसठशीत केल्यास ही फट बुजून ‘भ’चा ‘म’ वाटू शकतो. पावतीपुस्तक, रबरी शिक्का, रंगवलेली पाटी आणि मोबाइलचा पडदा या सर्वांवर चिन्ह एकाच रंगातही ओळखू येणे आवश्यक असते. शहरात उर्दू वाचणारा मोठा वर्ग असल्यामुळे देवनागरीसोबत नस्तालिक लिपीतील लेखनाचा मेळ घालणे, हीही रचनाकाराची जबाबदारी ठरते.