कार्यालयीन संच कोणता निवडावा?

पोफळीचें भूगर्भांतील कोयना वीजगृह १९६२ सालीं सुरू झालें व आजही वीज देत आहे. अशा दीर्घायु यंत्रांसाठीं सॉफ्टवेअर रचणाऱ्यानें लिहिलेलीं टिपणें पुढच्या पिढीसही उघडतां आलीं पाहिजेत. म्हणून लेखन-हिशेबाचा संच निवडतांना प्रश्न केवळ सोयीचा नसतो, टिकाऊपणाचाही असतो.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा प्रसार मोठा. ग्राहकाच्या फायली बहुधा त्याच रूपांत येतात. २०१० सालीं ओपनऑफिसपासून निघालेलें लिबरऑफिस विनामूल्य असून त्याची अंतर्रचना कोणासही तपासतां येते. लिबरऑफिसचें ओपन डॉक्युमेंट हें रूप २००६ सालीं, तर मायक्रोसॉफ्टचें ऑफिस ओपन एक्सएमएल २००८ सालीं आंतरराष्ट्रीय मानक ठरलें. दुसऱ्यास भारतानें विरोधी मत दिलें होतें.

दोन्ही रूपें म्हणजे झिप करून बांधलेलीं गाठोडीं होत. त्यामुळें गिटसारख्या बदलनोंदीच्या साधनास त्यांतील फरक सहजासहजीं ओळीओळीनें दाखवितां येत नाहीं.

सबब, सूज्ञ सॉफ्टवेअरकारानें टिपणें युनिकोडमधील साध्या मजकुरांत ठेवावींत, ग्राहकाशीं व्यवहार त्याच्याच संचांत करावा, आणि जतन करावयाचे अहवाल ओपन डॉक्युमेंट रूपांत ठेवावेत. संच बदलतात; मजकूर मात्र वाचतां आला पाहिजे.