‘ओलांडणे’ : स्थानकाजवळील सुरक्षित वाटेच्या मागणीची भाषा

रेल्वे स्थानकाच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला दिवसातून किमान दोन वेळा काही ना काही ओलांडावे लागते. घर पूर्वेला असले तर बाजार पश्चिमेला असतो. शाळा पश्चिमेला असली तर दवाखाना पूर्वेला. मध्ये लोहमार्ग आणि त्याच्या अंगाने जाणारा वाहता रस्ता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे मुंबई आणि तिची उपनगरे लोहमार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढत गेली आणि ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ ही दिशावाचक नामे तेथे वस्त्यांच्या नावांचा भाग होऊन बसली. या दोन अर्धांना जोडणारी सुरक्षित वाट असावी, ही रहिवाशांची जुनी मागणी आहे. तिचे स्थापत्यविषयक आणि प्रशासकीय अंग सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात तिच्या भाषिक अंगाचा विचार करावयाचा आहे. मागणी कोणत्या शब्दांत मांडली जाते, तिला उत्तर कोणत्या वाक्यरचनेत मिळते, आणि या दोहोंमधील अंतराचा माणसांच्या जीविताशी काय संबंध पोहोचतो, असे तीन प्रश्न त्यातून उपस्थित होतात.

(१) धातूचा अर्थ

एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्याचा अर्थ सांगणारे अनेक प्रयोग मराठीत आहेत. ‘पलीकडे जाणे’ यातून गती आणि दिशा यांचा बोध होतो. ‘पार करणे’ यातून मधले अंतर संपविल्याचा बोध होतो. शहरी बोलण्यात ‘क्रॉस करणे’ रुळले आहे. ‘ओलांडणे’ या सर्वांहून काहीसे निराळे आहे. कारण त्याच्या कर्मस्थानी एखादी सीमा गृहीत असते. उंबरठा ओलांडला जातो, हद्द ओलांडली जाते, मर्यादा ओलांडली जाते, वयाची चाळिशी ओलांडली जाते. कृती एकच असली तरी तिचे मूल्य त्या सीमेकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो यावर ठरते. दसऱ्याच्या दिवशी गावाची शीव ओलांडणे हे सीमोल्लंघन म्हणून मंगल मानले जाते. नियम ओलांडणे हे नियमोल्लंघन म्हणून दंडास पात्र होते.

फलाटावरील सूचना या दुसऱ्या अर्थाचा आश्रय करते. ‘रेल्वे रूळ ओलांडणे हा दंडनीय गुन्हा आहे’ या वाक्यात धातुसाधित नाम उद्देश्याच्या स्थानी आहे आणि ओलांडणारा कोठेच नाही. तो कोण, कोठून आला, त्याला दुसरी वाट होती की नव्हती, हे प्रश्न वाक्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामागील कायदाही याच प्रकारचा आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अधिकाराविना प्रवेश करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीखाली येणाऱ्यांचे जीव वाचावेत हा सूचनेचा हेतू योग्यच आहे. परंतु कायद्याचे वाक्य कृतीचे वर्गीकरण करते, तिचे कारण सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

(२) रहिवाशाचे वाक्य

आता रहिवाशाच्या तोंडचे वाक्य पाहावे : ‘आम्हांला रोज रूळ ओलांडावे लागतात.’ येथे ओलांडणारा उपस्थित आहे, परंतु तो चतुर्थीत आहे, आणि क्रियापद ‘रूळ’ या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘आम्ही रूळ ओलांडतो’ या कर्तरी रचनेत कृती कर्त्याच्या इच्छेतून निघते; ‘-आवे लागणे’ या रचनेत ती त्याच्यावर येऊन पडते. निवेदनात रहिवासी पहिली रचना टाळून दुसरी योजतात, याचे कारण केवळ नम्रता नव्हे. आपण निवड करीत नसून परिस्थिती आपल्याकडून हे करवून घेत आहे, हे प्रमेय ते व्याकरणाच्या साहाय्याने मांडीत असतात.

ही सक्ती काल्पनिक नसते. चौदा मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या सर्वसाधारण गतीने चालणाऱ्या माणसास ओलांडण्यास सुमारे बारा सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्या वेळात सुमारे १३० मीटर पुढे येते. म्हणजे पहिले पाऊल टाकताना सव्वाशे मीटरांवरील वाहनाचाही अंदाज घ्यावा लागतो. आणि चालणारी व्यक्ती वृद्ध असेल, कडेवर मूल असेल, तर हे अंतर आणखी वाढते. रुळांवर हा अंदाज अधिकच फसवा होतो. आकाराने मोठी वस्तू तितक्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा सावकाश येत असल्याचा भास होतो, असे प्रतिपादन हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली रेल्वे फाटकांवरील अपघातांची मीमांसा करताना केले होते. पादचारी पूल असला तरी तो लांब असेल, त्याचे जिने उंच असतील, तर गुडघेदुखीच्या माणसाच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच होतो. एखाद्याने पूल टाळला म्हणजे त्याने धोका ‘निवडला’ असे समजणे म्हणूनच घाईचे ठरते.

या पार्श्वभूमीवर मागणीचे नेमके स्वरूप व्याकरणातही स्पष्ट होते. ‘आम्हांला रूळ ओलांडावे लागतात’ ही तक्रार आहे. ‘आम्हांला सुरक्षितपणे पलीकडे जाता यावे’ ही मागणी आहे. दोन्ही वाक्यांत ‘आम्हांला’ जागचे हलत नाही. ‘लागणे’ या सहायक धातूच्या जागी ‘येणे’ हा धातू येतो, म्हणजे सक्तीच्या जागी शक्यता येते. झेब्रा पट्टे, सिग्नल, भुयारी मार्ग, उद्वाहनासह पूल ही सर्व या एका बदलाची साधने होत. रस्त्यावरील झेब्रा पट्ट्यांच्या बाबतीत कायद्याने हा बदल मान्यही केला आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली हे पट्टे रूढ झाले तेव्हापासून त्यांचा अर्थ असा की, या जागी थांबण्याचे कर्तव्य वाहनचालकाचे. भारतातही मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ यांनी पादचाऱ्यास वाट देण्याचे बंधन चालकावर घातले आहे. पट्ट्यांवर तरी कायद्याच्या दृष्टीने ‘लागणे’ चालकाकडे गेले आणि ‘येणे’ चालणाऱ्याकडे आले. वाहन प्रत्यक्षात थांबले नाही तर मात्र हे रूपांतर कागदावरच राहते. यास्तव रहिवासी अनेक ठिकाणी पट्ट्यांसमवेत सिग्नल आणि पोलीसही मागतात.

(३) उत्तराची वाक्यरचना

निवेदनास मिळणाऱ्या उत्तराची भाषा सुपरिचित आहे : ‘सदर प्रस्ताव विचाराधीन असून आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.’ १९६० साली स्थापन झालेले भाषा संचालनालय आणि त्यानंतरचा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ यांमुळे राज्यकारभाराची मराठी सिद्ध होऊ लागली, आणि ‘-ण्यात येणे’ ही रचना तिची खूण ठरली. या रचनेचे समर्थन करता येते. अधिकारी बदलतात, कार्यालय टिकते. म्हणून आश्वासन व्यक्तीच्या नावे न देता कार्यालयाच्या नावे द्यावे, हे तत्त्व प्रशासनास उचित आहे. ‘कडून’ अथवा ‘तर्फे’ योजून या रचनेत कर्ता दाखविण्याची सोयही आहे.

दोष उद्भवतो तो ही सोय वापरली जात नाही तेव्हा. स्थानकाभोवतीची जमीन बहुधा एकाच मालकीची नसते. रूळ आणि फलाट रेल्वेचे, रस्ता पालिकेचा, वाहतुकीचे नियमन पोलिसांचे, तर क्वचित उन्नत पादचारी मार्ग चौथ्याच संस्थेचा. वांद्रे पूर्वेचा उन्नत पादचारी मार्ग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ साली खुला केला, हे याचे एक उदाहरण. अशा ठिकाणी ‘कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्याचा कर्ता लुप्त झाला की तो कोणासच भरून काढता येत नाही. प्रत्येक कार्यालयास ते वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येते, कारण प्रत्येकाच्या मते लुप्त कर्ता दुसरा असतो. ‘जाता यावे’ आणि ‘करण्यात येईल’ या दोन वाक्यांत ‘येणे’ हा धातू समान आहे; परंतु पहिल्यात माणूस ‘आम्हांला’ या रूपाने उरतो, दुसऱ्यात तो नाहीसा होतो.

(४) एक दिवस, दोन शब्द

या विवेचनाची कसोटी २९ सप्टेंबर २०१७ या दिवशी लागते. दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी कामाच्या वेळी मुंबईत जोराचा पाऊस आला. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ ही शेजारची स्थानके. त्यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर आणि त्याच्या अरुंद जिन्यावर आडोशास थांबलेले व गाड्यांतून उतरून येणारे लोक एकत्र कोंडले गेले. चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला.

कोणाच्या तरी फुलांचा भारा खाली पडला, ‘फूल गिर गया’ असे शब्द उच्चारले गेले आणि गर्दीने ते ‘पुल गिर गया’ असे ऐकले, असा एक वृत्तान्त त्यानंतर वर्तमानपत्रांत आला. ध्वनिविचाराच्या दृष्टीने हे सर्वथा संभवनीय आहे. आरंभीच्या व्यंजनातील महाप्राणत्व हा दोन शब्दांतील मुख्य भेद. पावसाच्या आणि माणसांच्या गोंगाटात तोच प्रथम हरवतो, आणि स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाचा आधार आरडाओरडीत उरत नाही. त्यात श्रोता ज्या जागी उभा असेल त्या जागेची भीतीच त्याला ऐकू येते. पुलावर दाटीत उभ्या असलेल्या माणसास ‘पूल’ ऐकू यावा, यात नवल नाही.

तथापि हा वृत्तान्त खरा धरला तरी तो धावपळ कशी सुरू झाली याचे स्पष्टीकरण देतो, मृत्यूचे नव्हे. रुंद जिन्यावर तोच शब्द तसाच चुकीचा ऐकला गेला असता तर लोक धावले असते, काही पडले असते, आणि बहुतेक घरी गेले असते. एका ध्वनीच्या भेदाने माणसे मरत नाहीत. मागे सरण्यास जागा नसल्याने मरतात. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाच्या जागी कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या, प्रवाशांचा ओघ बदलला, आणि वाट मात्र अपुरी राहिली. पूल रुंद करावा ही मागणी दुर्घटनेपूर्वीच लेखी स्वरूपात केंद्र शासनापर्यंत पोहोचली होती. तेव्हा त्या दिवशीचा खरा भाषिक अपघात ‘फूल’ आणि ‘पूल’ यांमधील नसून, निवेदन आणि त्याचे उत्तर यांमधील होता.

(५) कर्ता, स्थळ आणि काळ

दुर्घटनेनंतर ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी झालेली घोषणा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिचा आशय असा होता की, भारतीय सेना एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे पादचारी पूल ३१ जानेवारी २०१८ पर्यंत उभारील. येथे कर्ता आहे, स्थळ आहे, काळ आहे. पूल प्रत्यक्षात २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले; म्हणजे मुदत सुमारे चार आठवड्यांनी हुकली. परंतु ती हुकली हे सांगता येते, आणि कोणाकडून हुकली हेही सांगता येते. ‘यथावकाश कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य कधीच हुकत नाही, कारण ते कधीच बांधलेले नसते.

वाट बांधून झाल्यावरही प्रश्न संपत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पुलाचा भाग १४ मार्च २०१९ रोजी कोसळून प्राणहानी झाली. तो पूल तपासणीत वापरण्यायोग्य ठरविला गेला होता. ‘बांधला’ हे पूर्ण क्रियेचे रूप आहे. पुलास आवश्यक असते ते ‘राखला जातो’ हे रीतिवर्तमानाचे रूप. मागणीच्या भाषेत हे दुसरे रूपही असले पाहिजे.

स्थानकाजवळील रहिवासी निवेदनाचा मसुदा करण्यास बसतात तेव्हा ‘पादचाऱ्यांची गैरसोय होत आहे’ असे एक तयार वाक्य त्यांच्या हाताशी असते. त्यापेक्षा शाळा सुटण्याच्या वेळी अमुक फाटकापासून अमुक नाक्यापर्यंत किती मुले रस्ता ओलांडतात, जवळचा पूल किती पावलांवर आणि किती पायऱ्यांचा आहे, रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, आणि कोणी कोणत्या तारखेपर्यंत काय करावे, ही वाक्ये लिहिण्यास कठीण, परंतु उत्तर देणाऱ्यास कर्ता लपविणे त्याहून कठीण करणारी आहेत. स्थानकात गाडी शिरते, फलाटावर तीच सूचना पुन्हा ऐकू येते, आणि कुंपणातील फटीपाशी कोणीतरी क्षणभर थांबून दोन्हीकडे पाहतो. ‘त्याला ओलांडावे लागते’ हे वाक्य जोपर्यंत खरे आहे, तोपर्यंत ‘ओलांडणे हा गुन्हा आहे’ हे वाक्य अपुरे राहील.