बेरेंट्स समुद्रातलं हातोद

हा रस्ता डांबरी की सिमेंटचा? समोरच्या इमारतीला मजले किती? दुकान उघडतं कधी? स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अँड्रॉइड ॲप तुम्ही उभे असाल तिथले असे प्रश्न विचारतं आणि उत्तरं ओपनस्ट्रीटमॅपवर चढवतं. २००४ पासून लोकांनीच रेखाटत आणलेला हा जगाचा नकाशा. इंदूरच्या वायव्येला असलेल्या हातोदसारख्या गावाच्या गल्ल्या गावकऱ्यांइतक्या कुणाला ठाऊक असणार? शिवाय ॲपचा सोर्स कोड खुला आहे. हातोदात बसून कुणीही ते आपल्या लॅपटॉपवर तयार करू शकतं.

आधी 'गिट क्लोन'. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं गिट नुसता आजचा कोड उतरवत नाही, ॲपचा सगळा इतिहास घरी आणतं. कोणती ओळ कुणी, कधी बदलली. आणि लिहिणारा आळशी नसेल तर का बदलली, तेही. नेट गेलं तरी हे सगळं चाळता येतं.

अँड्रॉइड ॲप बनवण्याच्या अँड्रॉइड स्टुडिओत प्रोजेक्ट उघडला की कोडातून ॲप बांधणारं, म्हणजे बिल्ड करणारं, ग्रेडल कामाला लागतं. ग्रेडलची नेमकी कुठली आवृत्ती हवी, हे प्रोजेक्टमधल्याच एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. तीच उतरते. पाठोपाठ ॲपला लागणाऱ्या लायब्ररी, त्या लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररी, आणि त्यांनाही लागणाऱ्या! पहिला बिल्ड म्हणूनच अंत पाहतो.

खरी जादू एमुलेटरची. पडद्यावर फोन उभा राहतो, आणि जीपीएसला विचारावं तर तो असतो कॅलिफोर्नियात, गूगलच्या मुख्यालयापाशी. त्याला हातोदला आणायचं तर एमुलेटरच्या कन्सोलमध्ये 'जिओ फिक्स' ही कमांड द्यायची. मात्र इथे रेखांश आधी, अक्षांश नंतर. आपल्या भूगोलाच्या सवयीच्या अगदी उलट. हातोद साधारण २२.८ उत्तर, ७५.७ पूर्व. हेच आकडे उलटे पडले तर फोन थेट स्वालबार्डच्या दक्षिणेला, बेरेंट्स समुद्रात! ॲप तिथे रस्ते शोधत बसतं.

आणि हा ७५.७ तरी कुठून मोजलेला? ग्रिनिचपासून. आपले प्राचीन ज्योतिषी शून्य रेखांश उज्जैनमधून धरत, आणि हातोद त्या रेषेच्या अगदी लगत आहे. त्यांच्या हिशेबाने कमांडमधला पहिला आकडा जवळपास शून्यच आला असता.

लॅपटॉप एमुलेटरने धापा टाकत असेल तर खरा फोन जोडा. सेटिंग्जमधल्या 'बिल्ड नंबर'वर ७ वेळा टिचकी मारली की फोन तुम्हाला डेव्हलपर म्हणून जाहीर करतो. मग यूएसबी डिबगिंग सुरू करायचं. फक्त चाचणीतली खोटी उत्तरं खऱ्या नकाशावर जाऊ देऊ नका. तसल्या उद्योगांसाठी ओपनस्ट्रीटमॅपने वेगळा सर्व्हर ठेवला आहे, तिथे हातोदात खुशाल बारा मजली इमारती बांधा.