हळू चालवल्याने बिट वाचत नाही

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. खोलीत साधं कपाट करायचं तरी प्लाय आणि एमडीएफ घोड्यावरून नाहीतर हातगाडीवरून न्यावं लागतं. भर कामात राउटरचं बिट गेलं, तर नव्यासाठी नेरळ किंवा कर्जत गाठायचं. म्हणून बिट जपण्याचा सल्ला इथे सढळ हाताने मिळतो आणि तो नेमका उलटा असतो : "हळू चालव, जास्त टिकेल."

हे ऐकून कान किटले. एकदा हिशेबच मांडू. सनमायकाची कड मारायचा छोटा ट्रिमर मिनिटाला साधारण ३०,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५००. एक मीटर कडेला ३० सेकंद लावले तर १५,००० फेरे झाले, १५ सेकंदांत उरकली तर ७,५००. प्रत्येक पातं दर फेऱ्याला एकदा बोर्डाला भिडतं. काम तेवढंच, पण धार घासली दुप्पट वेळा. मग वाचलं काय?

बरं, नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. दोन पात्यांचं बिट असं रेंगाळत नेलं, तर प्रत्येक पात्याच्या वाट्याला जेमतेम ०.०३ मिलिमीटर येतात. इतक्या पातळ थरात धार कापण्याऐवजी घासतच राहते आणि तापते. लाकडातून उष्णता सहज वाहत नाही; जाडसर भुशाबरोबर ती बाहेर पडायची, ती बिटमध्येच साठते. हायस्पीड स्टील नरम पडतं. कार्बाइडमध्ये टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात. तो कोबाल्ट झिजला की कण सुटतात आणि धार गोल होते. बोथट धार आणखी तापते, बोर्डाची कड काळी पडते. आणि मग मिस्त्री काय करतो? आणखी हळू चालवतो!

शंका असेल तर चांगल्या बिट-कंपनीचा तक्ता उघडा. त्यात फेऱ्यांच्या जोडीला बिट पुढे सरकवण्याचा वेगही दिलेला असतो, तो उगाच नाही. याचा अर्थ मशीन दामटा असा नव्हे. मोटारीचा आवाज बसू लागला किंवा सनमायका उखडू लागला, तर घाई झाली. खोल खाच दोन-तीन थरांत मारा, पण मध्येच थबकू नका. वेग कमी करायचाच तर फेऱ्यांचा करा, तोही मोठ्या व्यासाच्या बिटला : ५० मिलिमीटरच्या बिटची धार २४,००० फेऱ्यांना ताशी सव्वादोनशे किलोमीटरने धावते. ते धोक्याचंच आहे.

"एमडीएफ नरम, त्याने बिटला काय होणार?" हाही लाडका समज. बोर्ड म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. त्यात उष्णतेने घट्ट झालेला राळेचा गोंद असतो. खोलीतल्या एमडीएफमध्ये बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइड, आयएस ७१० च्या मरीन प्लायमध्ये फिनॉलिक. पार्टिकल बोर्डात तर वाळूचे कणही सापडतात, ते धारेला कानशीच. एमडीएफचे दोन्ही पृष्ठथर गाभ्यापेक्षा घट्ट असल्याने आणि वर सनमायका असल्याने बिट एकाच रेषेवर झिजतं. अधूनमधून बिटची उंची दोन-चार मिलिमीटर बदला, म्हणजे कोरी धार कामाला येते. फुकटचा उपाय, पण करतो कोण!

बाकीचे समज थोडक्यात. बिट काळं पडलं म्हणजे धार गेली असं नाही. बरेचदा तो जळका गोंद असतो, तो ब्रशने स्वच्छ करून पाहा. पाणी मारल्याने बिट थंड राहत असेलही, पण एमडीएफ फुगतं आणि विजेच्या मशीनजवळ पाणी हा वेडेपणाच. महागडं बिट आपोआप टिकत नाही : हिऱ्याच्या पात्याचं बिट कारखान्यातल्या सीएनसीवर उत्तम, हातातल्या राउटरच्या धक्क्याने त्याचा टवका उडू शकतो. भुसा ओढणारा पाइप फक्त साफसफाईसाठी नसतो. खाचेत अडकलेला भुसा बिट पुन्हा पुन्हा कापत बसतं. शिवाय लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली आहे, तेव्हा मास्क हवाच.

बिट धरणाऱ्या कॉलेटमध्ये ते तळाला टेकेपर्यंत घुसवून आवळणं हीही चूकच. दोन-तीन मिलिमीटर वर ओढून मग आवळा, नाहीतर पकड अर्धवट बसते. माथेरानच्या पावसाळ्यात बिटचा पोलादी दांडा हमखास गंजतो. गंजावर कॉलेट नीट बसत नाही, बिट थरथरतं आणि कार्बाइडला टवके जातात. ठेवताना तेलाचं बोट फिरवा, लावताना मात्र ते पुसून कोरडं करा.