मोजणीची फाईल आणि संगणकावरचा नकाशा
क्षेत्रफळ जुळले म्हणजे नकाशा बरोबर असे नाही

दुकानाची जागा, गोदामाचा प्लॉट किंवा भावाबहिणींच्या हिश्श्यांची वाटणी मोजायची असली की आता साखळी घेऊन येणारा माणूस क्वचितच दिसतो. तिपाईवर टोटल स्टेशन किंवा काठीवर रोव्हर लावून थोड्या वेळात मोजणी उरकते. नकाशा मात्र दुसरा माणूस तालुक्याच्या गावी संगणकावर तयार करतो. या दोघांच्या मध्ये एक लहानशी फाईल असते. तिच्याकडे आपण व्यापारी लोक लक्ष देत नाही, आणि नुकसान तिथेच होते.

आसेगावात आम्ही गोदामासाठी घेतलेल्या प्लॉटची अशीच मोजणी करून घेतली. नकाशा आला तेव्हा क्षेत्रफळ खरेदीखताशी जुळले, चारही बाजूंची लांबी जुळली. आम्ही निश्चिंत झालो. पायाची आखणी करताना गवंडी म्हणाला, "सेठ, रस्त्याकडे तोंड केले तर विहीर उजव्या हाताला आहे. कागदावर ती डाव्या हाताला कशी?" काम थांबवले. एक दिवस उशीर झाला असता तर आमची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत उभी राहिली असती.

फाईलमध्ये काय असते?

यंत्र प्रत्येक खुणेची एक ओळ लिहिते. उदाहरणार्थ : ४, ९८८.६४०, १०२१.२७५, ९९.८५०, विहीर. पहिला आकडा खुणेचा क्रमांक. दुसरा उत्तरेकडचे अंतर, ज्याला नॉर्दिंग म्हणतात. तिसरा पूर्वेकडचे अंतर, म्हणजे ईस्टिंग. चौथा उंची आणि शेवटी खुणेचे नाव. मोजणीदाराने यंत्र जिथे उभे केले ती जागा १०००, १००० धरली असेल, तर ही विहीर तिथून ११.३६ मीटर दक्षिणेला आणि २१.२७५ मीटर पूर्वेला आहे.

अडचण अशी की मोजणीदार उत्तर आधी लिहितात, तर ऑटोकॅडसारखे आरेखनाचे सॉफ्टवेअर पहिला आकडा आडवा, म्हणजे पूर्वेचा, आणि दुसरा उभा समजते. सिव्हिल थ्रीडीमध्ये फाईल घेताना रकान्यांचा क्रम निवडावा लागतो. पीएनईझेडडी म्हणजे उत्तर आधी, पीईएनझेडडी म्हणजे पूर्व आधी. एका अक्षराची अदलाबदल झाली की पूर्व उत्तरेला जाते आणि दक्षिण पश्चिमेला.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे लवकर समजेल. ताक्याची लांबी आणि पन्हा यांची नावे बदलली तरी कापड तेवढेच भरते, पण उभे पट्टे आडवे होतात. नकाशातही अंतरे तीच राहतात, क्षेत्रफळ तेच राहते. मात्र इथे आणखी एक गोष्ट होते. नकाशा नुसता फिरत नाही, आरशातल्या प्रतिमेसारखा उलटतो. म्हणून कागद कितीही फिरवला तरी डावीकडचा शेजारी उजवीकडेच दिसतो.

आकडे पाहून ओळखता येते का?

रोव्हरची मोजणी यूटीएम पद्धतीच्या आकड्यांत दिली असेल तर येते. आपल्या मंगरूळपीर भागात उत्तरेचा आकडा सात अंकी, सुमारे बावीस लाख मीटर असतो आणि पूर्वेचा सहा अंकी, सात लाखांच्या पुढे. त्यामुळे अदलाबदल लगेच लक्षात येते. मात्र पट्टा ४३ निवडला आहे का ते विचारावे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडे पट्टा ४४ सुरू होतो. वाशीम ४३ मध्ये आहे, नागपूर ४४ मध्ये. पट्टा चुकला तर आपला प्लॉट सहाशे किलोमीटरहून अधिक दूर जाऊन पडतो. इतकी मोठी चूक निदान दिसते तरी.

१०००, १००० धरून केलेल्या मोजणीत दोन्ही आकडे सारखेच दिसतात. तिथे डोळा फसतो. आमचे नेमके तसेच झाले होते.

आणखी दोन चुका

फाईल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन केली की काही वेळा मजकूर बदलतो. खुणेच्या नावाच्या रकान्यात गट नंबर १२/१ लिहिला असेल तर एक्सेल ती तारीख समजते. म्हणून मूळ फाईल न उघडता वेगळी जपून ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे.

दुसरी चूक एककाची. यंत्राची मोजणी मीटरमध्ये असते, आपला व्यवहार फुटात आणि गुंठ्यात. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. मीटरचे आकडे फूट समजून घेतले तर एका गुंठ्याच्या जागी १०१ चौरस फूट भरतील. ही चूक क्षेत्रफळावरून पकडता येते, दिशेची नाही.

पैसे देण्यापूर्वी काय करावे?

मोजणीदाराकडून नकाशाबरोबर मूळ फाईलही मागून घ्यावी आणि रकान्यांचा क्रम व एकक त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. मोजणीच्या वेळी विहीर, विजेचा खांब, मशिदीचा कोपरा अशा दोन-तीन न हलणाऱ्या खुणा घ्यायला लावाव्यात. नकाशा हाती आल्यावर जागेवर उभे राहून कागदाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करावी आणि प्रत्येक खूण आपल्या बाजूला आहे का ते पाहावे. शेवटी दोन खुणांमधील अंतर टेपने मोजून नकाशाशी ताडावे. याला पाव तास पुरतो, आणि संगणक येण्याची गरज नाही.

खाजगी मोजणीचा नकाशा बांधकामाच्या सोयीसाठी असतो, हेही ध्यानात ठेवावे. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून शासकीय मोजणी करावी आणि तिची 'क' प्रत घ्यावी.

मापात कमी देणाऱ्यांसाठी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे आपण गजाने कापड मोजताना विसरत नाही. जमिनीचे मापही मापच आहे. आमची भिंत चुकून शेजाऱ्याच्या जागेत गेली असती तर चूक फाईलची म्हटली गेली असती, पण हक्क मात्र शेजाऱ्याचाच मारला गेला असता.