वैमानिकाच्या बॅगेतले नकाशे

जालनेकराला विमान पकडायचं तर चिकलठाणा विमानतळ गाठावा लागतो. तिथे उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टीची दिशा, आसपासच्या टेकड्यांची उंची, रेडिओची फ्रिक्वेन्सी आणि किती उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं, हे सारं एका नकाशावर मिळतं. पूर्वी असे शेकडो नकाशे बॅगेत कोंबलेले असत. बॅगेचं वजन सोळा किलोंच्या घरात जाई. पण खरी डोकेदुखी वजनाची नव्हतीच. हवाई माहिती जगभर 28 दिवसांच्या चक्राने बदलते. दर खेपेला जुनी पानं काढून नवी लावायची आणि एखादं जरी राहिलं तरी धोका! टॅब्लेटवर हे काम एका डाउनलोडमध्ये होतं.

डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत आयपॅड वापरायची परवानगी मिळाली. एप्रिल 2015 मध्ये मात्र नकाशाच्या ॲपमधल्या बिघाडाने त्याच कंपनीची अनेक विमानं जमिनीवर खोळंबली. म्हणून दोन्ही वैमानिकांकडे स्वतंत्र, चार्ज केलेला टॅब्लेट असणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

टॅब्लेटची लिथियम बॅटरी तापून पेटू शकते. हाच धोका तुमच्या पॉवर बँकेलाही आहे. ती चेक-इनच्या सामानात न टाकता हातातल्या बॅगेतच ठेवा.